कधी लागणारा, कधी न लागणारा ‘सेल्फ’ : एका लपंडावाचा इतिहास

१/ २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्याला शंभर मिलिमीटरही पाऊस पडला नव्हता. मिठी नदी पात्र सोडून कालिना आणि कुर्ल्याच्या वस्त्यांत शिरली. माणसे गाड्या रस्त्यावर टाकून कमरेएवढ्या पाण्यातून घरी निघाली; काहींचा बंद गाडीतच गुदमरून अंत झाला.

२/ अशा पुरातून वाचलेल्या गाडीचा एक आजार मोठा फसवा असतो. सकाळी ती पहिल्याच फटक्यात सुरू होते. दुपारी किल्ली फिरवली की नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. गॅरेजात नेली की पुन्हा ठणठणीत. हा दोष समजून घ्यायचा, तर ‘सेल्फ’ मुळात कशासाठी आला हे पाहावे लागते.

३/ आरंभीच्या मोटारी हँडल मारून सुरू कराव्या लागत. इंजिनने उलटा झटका दिला, तर मनगट मोडत असे. १९११ मध्ये अमेरिकेतील अभियंता चार्ल्स केटरिंग याने यावर विजेचा उपाय दाखवला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसवला गेला. हँडलशिवाय, आपले आपण सुरू होणे, म्हणून ‘सेल्फ’.

४/ केटरिंगने त्याआधी दुकानांतील रोख-नोंदणी यंत्राला विजेची मोटर जोडली होती. तिथला धडा त्याने इथे वापरला : मोटर काही क्षणच फिरायची असेल, तर लहान मोटरीवरही मोठा भार टाकता येतो. आजचा सेल्फही याच तत्त्वावर चालतो. काही सेकंदांत तो शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह ओढतो.

५/ मात्र या सोयीबरोबर एक नवा दोषही आला. हँडल एकतर फिरे किंवा फिरत नसे. विजेच्या वाटेत बॅटरी, टर्मिनल, जाड केबल, सोलेनॉइड, कार्बन ब्रश, आर्मेचर आणि अर्थिंग अशा अनेक गाठी असतात. त्यांतील एखादी गाठ थंडपणी जुळते आणि तापल्यावर सुटते. दोष असतो, पण सदैव हजर नसतो.

६/ मुंबईत मोटर-टॅक्सी आली तीही १९११ मध्येच. पुढे १९४४ मध्ये सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. सांताक्रूझच्या पूर्वेला, मिठीपलीकडे, कुर्ल्यात तिचा कारखाना उभा राहिला. परदेशी सुट्या भागांची जुळणी करून गाड्या बाहेर पडू लागल्या.

७/ १९५३ मध्ये केंद्र सरकारने धोरण बदलले : नुसती जुळणी करणाऱ्यांनी देशात उत्पादन करावे, अन्यथा काम बंद करावे. १९२८ पासून शिवडीत जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. कुर्ल्यात फियाट ११०० टिकली. तिचीच पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. १९६१ मध्ये मद्रासला स्थापन झालेल्या लुकास-टीव्हीएसमुळे सेल्फसारखे विद्युत भागही देशात बनू लागले.

८/ नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, म्हणून जुनी गाडी जगवणे भाग होते. सेल्फ बिघडला तर नवा बसवण्याऐवजी तो उघडून कार्बन बदलायचे, आर्मेचर पुन्हा गुंडाळून घ्यायचे, अशी रीत पडली. टॅक्सीवाल्यासाठी तर बंद पडलेला सेल्फ म्हणजे बुडालेला दिवस. अंदाजाने एकेक भाग बदलत जाणे त्याला परवडणारे नव्हते. आधी निदान आवश्यक होते.

९/ निदानाची पहिली साक्ष आवाजाची. लागोपाठ ‘टकटकटक’ असा आवाज येऊन दिवे मंदावले, तर संशय बॅटरीवर किंवा सैल, गंजलेल्या टर्मिनलवर. एकच खणखणीत ‘टक्’ आणि दिवे तेजस्वी, तर सोलेनॉइडचे आतले संपर्क जळलेले किंवा कार्बन झिजलेले. मोटर घरघरते पण इंजिन फिरत नाही, तर दोष बेंडिक्सचा : पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकत नाही.

१०/ दुसरी साक्ष हातोडीच्या दांड्याची. सेल्फच्या अंगावर हलकेच ठोकताच गाडी सुरू झाली, तर झिजलेला कार्बन पुन्हा टेकला, असे समजावे. हा इलाज नव्हे, ही खूण आहे. ठोकून सुरू झालेली गाडी बरी झाली असे मानणारा पुढच्या सिग्नलला अडकतो.

११/ तिसरी साक्ष जागेची. चार सिलिंडरचे इंजिन थांबताना बहुधा त्याच दोन ठिकाणी थांबते, त्यामुळे फ्लायव्हीलच्या रिंगचे तेवढेच दाते झिजतात. नेमके ते दाते समोर आले की पिनियन घसरतो. गिअर टाकून गाडी वीतभर ढकलली आणि मग सेल्फ लागला, तर रिंग तपासायला हवी.

१२/ सर्वांत विश्वासू साक्षीदार व्होल्टमीटर; पण त्याला दोष घडत असतानाच विचारावे लागते. स्वस्थ बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती सुमारे ९.६ च्या खाली गेली, तर बॅटरी अशक्त. बॅटरी ठीक असेल, तर मीटरची एक तार तिच्या धन टोकावर आणि दुसरी सेल्फच्या टोकावर ठेवून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक आला, तर वीज वाटेतच गळते आहे. हीच परीक्षा इंजिन आणि बॅटरीच्या ऋण टोकामध्ये केली की अर्थिंगचा दोष पकडला जातो.

१३/ सांताक्रूझसारख्या उपनगरात ही अर्थिंगची पट्टी विशेष महत्त्वाची. समुद्राची खारी हवा आणि पावसाळ्यात साचणारे पाणी यांनी तिचे टोक गंजते. पट्टी वरून शाबूत दिसते, आत मात्र गंज असतो. सेल्फ इंजिनच्या खालच्या अंगाला असल्याने पुराचे पाणी आणि चिखल त्यात लवकर शिरतात. त्याचा परिणाम अनेक आठवड्यांनीही दिसू शकतो.

१४/ पाण्यात बुडालेल्या गाडीला तर लगेच सेल्फ मारूच नये. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ते असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी गाडी बाहेर ओढावी, स्पार्क प्लग काढून पाणी जाऊ द्यावे, तेल तपासावे. अशा वेळी न लागलेला सेल्फच पुष्कळदा इंजिन वाचवतो.

१५/ मुंबईत टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे ठरलेले. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनीचा काळी-पिवळीचा प्रवास संपला. आज बटण दाबून गाडी सुरू होते. रिले, संगणक आणि किल्ली ओळखणारी यंत्रणा अशा नव्या गाठी त्या वाटेत वाढल्या. पण बॅटरीपासून सेल्फपर्यंतची जाड तार तीच आहे आणि अर्ध्या व्होल्टची ती परीक्षाही तीच. ज्याला ती करता येते, त्याला न बिघडलेला भाग बदलावा लागत नाही.