कहाणीच्या आड गेलेलं गाणं

बिली हॉलिडेचं गाणं ऐकण्याआधी मी तिचं आत्मचरित्र वाचलं. हा क्रम चुकला, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

'लेडी सिंग्ज द ब्लूज' हे ते पुस्तक, १९५६ साली निघालेलं. त्यात गरिबी आहे, लहान वयात सोसलेला अत्याचार आहे, हेरॉइन आहे, तुरुंग आहे, छळणारे पुरुष आहेत. पुस्तक मिटलं तेव्हा एका दुर्दैवी बाईची कहाणी मला जवळजवळ पाठ झाली होती. मग तिचं एक जुनं गाणं हाती आलं, 'व्हॉट अ लिटिल मूनलाइट कॅन डू', १९३५ सालचं. मी डोळे मिटून बसलो आणि तिच्या आवाजातलं दुःख शोधू लागलो. ते काही केल्या सापडेना. सापडणार कुठून? वीस वर्षांची एक मुलगी भरधाव लयीत, अगदी खट्याळपणे गात होती. दुःख मी माझ्या पदरचं घालू पाहत होतो.

आज बोलायचं आहे ते या घालमेलीविषयी. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायिकांच्या बाबतीत ती फार वेळा झालेली आहे. त्यांच्याविषयी जे बोललं जातं ते सगळं खोटं असतं असं नाही. पण त्यांच्या बाबतीत काय घडलं एवढंच ते सांगतं. त्यांनी स्वतः काय घडवलं, ते मात्र बाजूला राहतं.

बिलीनं काय घडवलं, ते आधी पाहू. तिचा जन्म १९१५चा, फिलाडेल्फियातला. लहानपण बाल्टिमोरमध्ये गेलं. पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ती छोट्या छोट्या क्लबांतून गाऊ लागली. गुरू असे कोणी नव्हते. लुई आर्मस्ट्राँग आणि बेसी स्मिथ यांच्या तबकड्या, हीच तिची तालीम. जॉन हॅमंड नावाच्या तरुण गोऱ्या रसिकानं तिला ऐकलं आणि १९३३च्या नोव्हेंबरात तिचं पहिलं ध्वनिमुद्रण करवलं. योगायोग असा, की त्याच हॅमंडनं तीनच दिवस आधी बेसी स्मिथचं ध्वनिमुद्रण केलं होतं आणि ते बेसीचं अखेरचं ठरलं.

२ जुलै १९३५ या दिवशी पियानोवादक टेडी विल्सनच्या वाद्यवृंदाबरोबर बिलीनं एका बैठकीत चार गाणी ध्वनिमुद्रित केली. मी मघाशी सांगितलेलं गाणं त्यांतलंच. ही सगळी गाणी बाजारात चालणारी, साधीसुधी. नाणं टाकलं की वाजणाऱ्या जुकबॉक्स यंत्रांसाठी अशा तबकड्या निघत. एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तेवढ्यात वाद्यांनाही जागा द्यायची आणि आपलंही सांगायचं.

तिचा आवाज मोठा नव्हता. पल्ला एका सप्तकाहून थोडाच जास्त. मग ती करत काय होती? आपल्याकडे ख्यालगायक शब्द मात्रेच्या किंचित मागे रेंगाळत ठेवतो, तबला आपल्या चालीनं चालत राहतो, आणि आता हा चुकणार असं वाटत असतानाच गायक समेला अचूक येऊन मिळतो. बिलीची पद्धत वेगळ्या संगीतातली, पण ऐकताना मला हीच गोष्ट आठवते. ठेका पुढे निघून जातो, ती निवांत मागून येते. मूळ चालीतल्या उड्या ती गाळून टाकते, चार-पाच स्वरांतच ती चाल नव्यानं बांधते आणि एखाद्या सामान्य शब्दावर असा काही जोर देते की त्याचा अर्थच पालटतो. बोलल्यासारखं गाणं, ही तिची कमाई. फ्रँक सिनात्रासारख्या गायकानं तिचं हे ऋण उघडपणे मान्य केलं आहे.

या कामाचा मोबदला? त्या काळच्या त्या तबकड्यांसाठी ठरलेली रक्कम एकदाच हातात पडे. तबकडी पुढे कितीही खपो, तिच्यात गायिकेचा वाटा नसे.

१९३८ साली ती आर्टी शॉ याच्या गोऱ्या वाद्यवृंदात गायला लागली. कृष्णवर्णीय स्त्रीनं अशा वाद्यवृंदाबरोबर फिरणं तेव्हा जवळजवळ अशक्यच मानलं जाई. दक्षिणेत अपमान झाले, त्याचं एक वेळ नवल नाही. पण न्यूयॉर्कच्या ज्या हॉटेलात ती रोज रात्री गात होती, तिथंही तिला पाहुण्यांच्या लिफ्टनं येऊ देईनात. मालवाहू लिफ्टनं ये म्हणाले. त्याच वर्षी तिनं तो वाद्यवृंद सोडला.

आणि पुढच्याच वर्षी तिनं 'स्ट्रेंज फ्रूट' गायलं. दक्षिणेत कृष्णवर्णीयांना झुंडीनं ठार मारून झाडाला लटकवत, त्या क्रौर्यावरचं हे गाणं. ते लिहिलं एबल मीरोपोल या ज्यू शिक्षकानं. 'कॅफे सोसायटी' या क्लबात गोरे आणि काळे श्रोते एकत्र बसत. तिथं ती हे गाणं अगदी शेवटी म्हणे. वेटरांची ये-जा थांबे, दिवे मालवले जात, फक्त तिच्या चेहऱ्यावर प्रकाशाचा एक झोत राही. गाणं संपलं की पुन्हा अंधार. टाळ्या कितीही पडोत, ती परत मंचावर येत नसे. तिच्या नेहमीच्या कंपनीनं या गाण्याची तबकडी काढायला नकार दिला. तेव्हा तिनं कंपनीकडून एका बैठकीपुरती परवानगी मिळवली आणि २० एप्रिल १९३९ रोजी ते कमोडोर या छोट्या कंपनीसाठी गायलं. चोवीस वर्षांच्या एका गायिकेनं घेतलेला हा निर्णय होता. १९९९ साली 'टाइम' साप्ताहिकानं याच गाण्याला शतकातलं सर्वोत्तम गाणं ठरवलं.

आता कहाणीकडे येऊ. हेरॉइनचं व्यसन खरं होतं. १९४७च्या मे महिन्यात तिला अटक झाली आणि एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली. सुटून आल्यावर जेमतेम दोन आठवड्यांत, २७ मार्च १९४८ला, तिनं कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम केला. सभागृह तुडुंब भरलं. जागा पुरेना म्हणून काही श्रोत्यांना मंचावरही बसवावं लागलं. पण खरी शिक्षा पुढेच होती. न्यूयॉर्कमध्ये मद्य मिळणाऱ्या ठिकाणी गायचं तर पोलिसांकडून 'कॅबरे कार्ड' घ्यावं लागे. तिला ते नाकारलं गेलं. मोठ्या सभागृहात ती गाऊ शकत होती; ज्या लहान क्लबांत तिचं गाणं घडलं, तिथं मात्र नाही. ही बंदी मरेपर्यंत टिकली. वर्तमानपत्रांतून तिच्या अटकेच्या बातम्या आणि छायाचित्रं येत राहिली. कार्यक्रमाला येणाऱ्यांत गाणं ऐकायला आलेले किती आणि आज ही उभी तरी राहते का ते पाहायला आलेले किती, हा प्रश्नच होता.

तिचं आत्मचरित्र या काळातलं. ते पत्रकार विल्यम डफ्टी यांनी शब्दांत उतरवलं. त्यात जन्मगावापासून चुका आहेत; आईवडिलांचं लग्न झाल्याचं त्यात सांगितलं आहे, प्रत्यक्षात ते कधी झालंच नव्हतं. म्हणजे या दंतकथेला तिचाही हातभार लागला. पण बाजारात गाण्यापेक्षा जखमेला भाव जास्त आहे, हे कळलेल्या बाईला त्याबद्दल दोष द्यायला माझं मन धजत नाही. १९५९ साली ती न्यूयॉर्कच्या रुग्णालयात असताना खाटेवरच तिला अटक झाली, दाराशी पोलिस बसले. १७ जुलैला ती गेली. वय ४४.

मेल्यावरही हे थांबलं नाही. १९७२ साली तिच्यावर चित्रपट निघाला. डायना रॉसनं काम उत्तम केलं, ऑस्करचं नामांकनही मिळवलं. पण त्या चित्रपटात टेडी विल्सन नाही आणि बिलीला 'लेडी डे' हे नाव देणारा सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगही नाही. म्हणजे तिचं गाणं ज्यांच्या सोबतीनं घडलं, तीच माणसं गाळली. २०२१मध्ये आणखी एक चित्रपट आला. त्याचाही भर व्यसन आणि पोलिस यांवरच.

बेसी स्मिथचंही असंच झालं. १९३७ साली मिसिसिपीत मोटार अपघातात ती गेली. गोऱ्यांच्या रुग्णालयानं दाखल करून घेतलं नाही म्हणून ती मेली, असं त्याच हॅमंडनं लिहिलं. हेतू चांगला होता, पण हकीकत खरी नव्हती. तिला थेट कृष्णवर्णीयांच्या रुग्णालयात नेलं होतं. ही कथा जगभर गेली. आणि १९२३पासून जिच्या तबकड्या लाखांनी खपल्या, त्या बेसीच्या थडग्यावर १९७०पर्यंत साधा दगड नव्हता.

शेवटी एक चित्रफीत सांगतो. ८ डिसेंबर १९५७. अमेरिकन दूरचित्रवाणीवर बिली स्वतःच बांधलेलं 'फाइन अँड मेलो' गाते आहे. तिच्यात आणि लेस्टर यंगमध्ये दुरावा आला होता, असं लोक आवडीनं सांगतात. तो उठतो आणि मोजकेच, सावकाश स्वर वाजवतो. कॅमेरा बिलीच्या चेहऱ्यावर जातो. ती त्याच्याकडे पाहत मान डोलावते आहे. अनेक लेखकांनी त्या नजरेत प्रेम, विरह, मृत्यूची चाहूल असं बरंच काही वाचलं आहे. दोघंही पुढच्या दीड-पावणेदोन वर्षांत गेले, म्हणून ते सोपंही जातं. मला मात्र तिथं एक जाणकार दिसते. जागा कशी घेतली हे तिला कळलेलं आहे आणि ते ऐकून ती खूश झाली आहे. लगेच तिची पाळी येते आणि ती गाऊ लागते.

माझा क्रम चुकला, तुमचा चुकू देऊ नका. आधी १९३५चं ते गाणं ऐका. पुस्तक नंतरही वाचता येईल.