भावबंध, किशोरवयीन
अडचणीत ज्याच्याकडे धाव घ्यावीशी वाटते, त्या माणसाशी जडलेले नाते. जॉन बोल्बी यांनी तान्ह्या मुलांबाबत मांडलेली ही कल्पना पुढे किशोरवयाला लागू झाली. आर्म्सडेन व ग्रीनबर्ग यांच्या प्रश्नावलीत (१९८७) पालक व मित्र यांच्याशी असलेल्या नात्यातील विश्वास, संवाद आणि दुरावा तपासला जातो. पालकांशी घट्ट नाते असलेल्या मुलांत सहसा आत्मसन्मान अधिक, नैराश्य कमी आढळते. मित्रांची साथ हवीच, पण घरची उणीव ती क्वचितच पुरती भरून काढते. असा आधार घर व मित्र यांपलीकडेही मिळू शकतो. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनी या शैक्षणिक संस्थेच्या दलांवर, म्हणजे मुलांच्या गटांत, मुले संध्याकाळी एकत्र खेळतात, पद्ये म्हणतात, थोड्याच मोठ्या ताई-दादांशी मोकळेपणी बोलतात. अशा ताई-दादांचे मोल फार मोठे; दहावीच्या गुणांवरून घरात अबोला असला, की मनातले बरेचदा त्यांच्यापाशीच आधी बोलले जाते.