वेगाचा रियाज

आमच्या शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासताना मी शेवटचं पान आवर्जून बघतो. मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते निबंधात कमी आणि त्या पानावर जास्त कळतं. पूर्वी तिथे शेर असायचे, क्रिकेटवाल्यांची नावं असायची. गेली दहा-बारा वर्षं तिथे मोटारसायकल असते, बहुतेक वेळा नारिंगी रंगाची आणि खाली चार अक्षरी इंग्रजी नाव: ड्यूक. हे नाव कुठून आलं असं विचारलं तर मुलं सांगतात, 'सर, चाकणवरून!' उत्तर अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं कॅलिफोर्नियातल्या एका टीव्ही कार्यक्रमातून सुरू होतं, आणि आज मला तेच सांगायचं आहे.

१९७० च्या दशकात अमेरिकेत मोटारसायकल शर्यतींचे तीन मोठे प्रकार होते. गुळगुळीत डांबरी ट्रॅकवरची रोड रेस, मातीच्या लंबगोल मैदानात गाडी आडवी करत फिरवायची फ्लॅट ट्रॅक, आणि उंचवटे-खड्ड्यांवरून उड्या मारत जाणारी मोटोक्रॉस. प्रत्येक प्रकाराचे विजेते वेगळे, चाहते वेगळे. मग चहाच्या टपरीवर आपल्याकडे रंगतो तसा वाद तिथेही रंगायचा, की यांच्यातला खरा उस्ताद कोण? गॅव्हिन ट्रिप हा मूळचा इंग्लंडचा पत्रकार आणि शर्यतींचा आयोजक तेव्हा कॅलिफोर्नियात स्थायिक झाला होता. त्याने हा वाद मैदानातच सोडवायचं ठरवलं. सॅन डिएगोच्या उत्तरेला कार्ल्सबाड इथे त्याने असा ट्रॅक आखला की ज्याचा काही भाग डांबरी, काही भाग सपाट मातीचा आणि काही भाग उड्यांचा. १९७९ मध्ये एबीसी वाहिनीच्या 'वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स' या गाजलेल्या कार्यक्रमासाठी तिथे 'सुपरबायकर्स' नावाची शर्यत झाली. पहिली शर्यत जिंकली केंट हॉवर्टनने. तो मोटोक्रॉसवाला. पुढे एडी लॉसनसारख्या रोड रेसवाल्यांनीही ती गाजवली. म्हणजे वाद काही मिटला नाही, पण एक नवा खेळ जन्माला आला.

या खेळासाठी तयार गाडी कुठे मिळणार? लोकांनी मोटोक्रॉसची गाडी घेतली. हलकी, एकाच सिलिंडरची, उंच, लांब सस्पेन्शनची. तिची मोठी, गाठींच्या टायरची चाकं काढून टाकली, लहान आणि रुंद चाकं बसवली, त्यांवर डांबरावर चिकटणारे टायर चढवले, पुढचा ब्रेक मोठा केला. पुढे रस्त्यावरच्या अशा गाड्यांसाठी १७ इंची चाक हे ठरूनच गेलं. दिसायला ही गाडी थोडी विचित्रच दिसते. हरणाच्या पायांना जणू हत्तीचे तळवे. पण अरुंद, वळणावळणाच्या जागेत तिच्यापुढे चौपट ताकदीची गाडीही हतबल होते.

१९८५ नंतर टीव्हीवरची ती शर्यत बंद पडली आणि अमेरिका हा खेळ विसरली. सांभाळला तो युरोपने, त्यातही फ्रान्सने. तिथे त्याला 'सुपरमोटार' म्हणू लागले. शब्दांची खोड असलेल्यांसाठी सांगतो, इथला 'मोटार' म्हणजे आपली चारचाकी नव्हे. फ्रेंच बोलीत मोटारसायकलवाल्याला 'मोतार' म्हणतात, त्याचाच हा मोठा भाऊ. इटली, जर्मनी, ऑस्ट्रियातही हा खेळ रुजला. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली आणि २००३ मध्ये अमेरिकेतही राष्ट्रीय स्पर्धा पुन्हा उभी राहिली. माहेरी विसरलेली मुलगी सासरी नाव कमावून परत आली, असंच म्हणायचं.

आता चाकणचा धागा. ऑस्ट्रियातल्या माटिगहोफेन गावची केटीएम कंपनी १९९१ च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली. नव्या मालकांनी ती सावरली आणि १९९४ मध्ये एक गाडी आणली. मातीच्या गाडीचं सहाशे सीसीचं एक सिलिंडरवालं इंजिन, १७ इंची चाकं आणि रस्त्यावर चालवायचा परवाना. ही रस्त्यावरची सुपरमोटोच होती आणि तिचं नाव होतं ड्यूक. २००७ मध्ये पुण्याच्या बजाज ऑटोने केटीएममध्ये भागीदारी घेतली. २०११ मध्ये चाकणला तयार झालेली १२५ सीसीची ड्यूक युरोपात विकायला गेली आणि जानेवारी २०१२ मध्ये २०० सीसीची ड्यूक आपल्याकडे आली. तोवर तिची घडण बदलली होती, ती आता उंच सुपरमोटो राहिली नव्हती. पण नाव, एक सिलिंडर आणि वळणाची भूक तीच. २०२४ च्या अखेरीस केटीएम पुन्हा आर्थिक संकटात सापडली तेव्हा तिला वाचवण्यासाठी पैसा उभा केला तो बजाजनेच. आज केटीएमची ३९० सीसीची खरीखुरी लहान सुपरमोटो भारतात तयार होऊन परदेशात जाते. म्हणजे कार्ल्सबाडच्या मातीतून निघालेली वाट आपल्या पुणे जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचली आहे.

गाडी पोहोचली. पण गाडीबरोबर जी दुसरी गोष्ट यायला हवी होती ती आली का? ती गोष्ट म्हणजे जागा.

वेगाला वेगळी जागा हवी, हे जगाला फार लवकर कळलं. १९०७ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सचा ट्रॅक बांधला गेला तो रस्त्यावर भरधाव जायला कायद्याने बंदी होती म्हणून. १९२७ मध्ये जर्मनीत न्यूरबर्गरिंग सुरू झालं आणि पहिल्या वर्षापासूनच टोल भरून सामान्य माणसाला तिथे गाडी चालवता येऊ लागली. वीस किलोमीटरहून लांबीचा तो एकेरी रस्ता आजही तसाच खुला होतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रुकलँड्स विमान कारखान्यांनी गिळलं, पण युद्ध संपल्यावर इंग्लंडभर रिकाम्या धावपट्ट्या पडून राहिल्या. १९४३ मध्ये बॉम्बर विमानांसाठी बांधलेल्या सिल्व्हरस्टोनला १९४८ मध्ये ग्रां प्री शर्यत झाली. आपल्याकडेही तेच घडलं. मद्रासजवळच्या शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने कित्येक वर्षं शर्यती भरवल्या, कलकत्त्याजवळ बराकपूरला भरल्या. युद्धाने मागे टाकलेल्या डांबरावर तरुणांनी खेळ मांडला, ही मला इतिहासातली एक सुंदर गोष्ट वाटते. पुढे १९९० मध्ये मद्रासच्या क्लबने इरुंगट्टुकोट्टाईला कायमचा ट्रॅक बांधला. कोइमतूरचा कारी स्पीडवे आणि २०११ मध्ये ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट नंतरचं.

'ट्रॅक डे' ही या इतिहासातली शेवटची पायरी. शर्यत नाही, बक्षीस नाही. ट्रॅक दिवसभरासाठी भाड्याने घ्यायचा, प्रत्येकाने शुल्क भरायचं आणि आपापल्या गाडीवर सराव करायचा. १९८० मध्ये, म्हणजे सुपरबायकर्सच्या दुसऱ्याच वर्षी, त्याच कॅलिफोर्नियात कीथ कोडने मोटारसायकल चालवण्याची शाळा काढली. तिचे वर्ग इरुंगट्टुकोट्टाईलाही भरत आले आहेत. शिक्षक म्हणून मला तिथला पहिला धडा फार आवडला: एकाच गिअरमध्ये चालवा आणि ब्रेकला हात लावू नका. आधी वळणात शिरण्याचा वेग ओळखायला शिका, बाकीचं मागून येईल. आम्ही पहिलीला अलिफ गिरवून घेतो, त्यातलीच ही गोष्ट.

मी स्वतः हे एकदाच केलं. चाकणच्या बाजूला नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने मला गो-कार्टच्या एका छोट्या ट्रॅकवर नेलं. त्याच्याकडे दीडशे सीसीची जुनी मातीची गाडी आहे, तिला त्याने स्वतः १७ इंची चाकं बसवली आहेत. सकाळी गाड्यांची तपासणी झाली. आरसे काढले, दिव्यांवर चिकटपट्टी लावली, म्हणजे पडल्यावर काच ट्रॅकवर सांडू नये. चामडी सूट, पाठीचं कवच, बूट, हातमोजे नसतील तर आत प्रवेश नाही. मग झेंडे समजावले: पिवळा म्हणजे पुढे कुणी पडलंय, ओव्हरटेक नको, लाल म्हणजे सगळ्यांनी थांबून हळू परत या. शिकाऊ, मधले आणि तयार असे तीन गट केले. एका वेळी एकच गट, पंधरा मिनिटं. बाजूला रुग्णवाहिका उभी.

लहान सुपरमोटो वळवण्याची तऱ्हा निराळी आहे. मोठ्या गाडीवर स्वार आतल्या बाजूला लटकतो, गुडघा जमिनीला टेकवतो. इथे उलटं. स्वार ताठ बसतो, आतला पाय पुढे काढतो आणि गाडीलाच आपल्याखाली दाबून आडवी करतो. तयार मुलं वळणाआधी भराभर गिअर खाली घेऊन मागचं चाक सरकवत आत शिरतात. बघताना वाटतं, हा आता पडला. तो पडत नाही, कारण तेच वळण त्याने शेकडो वेळा घेतलेलं असतं. आणि पडला तरी वेग कमी असतो, समोर टेम्पो नसतो, दुभाजक नसतो. माझा विद्यार्थी दुपारी एकदा पडला. उठला, हँडल सरळ केलं, पाणी प्यायला आणि पुढच्या फेरीला उभा राहिला. मोठमोठे स्वार लहान गाड्यांवर का घडतात, ते मला तिथे समजलं. व्हॅलेंटिनो रॉसीची सुरुवात मिनिमोटोवर झाली, जपानच्या दाइजिरो कातोची पॉकेट बाइकवर. लहान गाडीत ताकद नसते, त्यामुळे चूक लपवता येत नाही.

उर्दू शाळेच्या वेळापत्रकात गणिताला 'रियाज़ी' म्हणतात. गवयाच्या घरी सरावाला 'रियाज' म्हणतात, तो शब्द मराठीनेही आपलासा केला आहे. अरबीत 'रियाज़ा' म्हणजे खेळ, व्यायाम. तिन्हींच्या मुळाशी जे क्रियापद आहे त्याचा एक जुना अर्थ शिंगराला वळण लावणं, तरण्या घोड्याला स्वारीसाठी तयार करणं असा आहे. ट्रॅक डेला मराठी शब्द शोधायचा झाला तर मी 'रियाज' हाच सुचवीन. घोडा बदलला, काम तेच.

आता मूळ दुखण्याकडे येतो. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची. यातली सगळी काही भरधाव जाणारी पोरं नव्हती. कुणी दूध घालायला निघालं होतं, कुणी कामावर. पण त्यांत आमच्या वस्तीतलीही पोरं असतात. अशा दोन जनाज्यांना मी खांदा दिला आहे. दोघांनाही मी मराठी शिकवली होती. शब-ए-बारातच्या रात्री पोरांनी रस्त्यावर स्टंट करू नयेत म्हणून मशिदीतून आवाहन करावं लागतं. ३१ डिसेंबरच्या रात्री पोलिसांना नाकाबंदी करावी लागते. दोन्ही रात्री पोरं वेगळी, मोहल्ले वेगळे, पण वय एकच आणि आजारही एकच. बातमीत मात्र वस्तीचं नाव छापलं जातं आणि आजाराचं नाव राहून जातं.

आम्ही वडीलधारे त्यांना फक्त 'नको' म्हणतो. 'कुठे' ते सांगत नाही. ज्याला पोहायची हौस आहे त्याला विहिरीपासून लांब ठेवलं तर तो रात्री जाऊन उडी मारतोच. पूर्वीची माणसं त्याच्या कमरेला भोपळा बांधून त्याला दिवसाढवळ्या पाण्यात उतरवायची. ट्रॅक डे महाग आहे, हे मला कबूल आहे. कोइमतूर आणि मद्रास आमच्या पोरांना लांब आहेत, आणि चामडी सूट त्यांच्या दोन-तीन महिन्यांच्या पगाराचा. म्हणूनच मला लहान गाडीचा मार्ग खरा वाटतो. तिला पाच किलोमीटरचा ट्रॅक लागत नाही. गो-कार्टचं आवार पुरतं, औद्योगिक वसाहतीतला बंदिस्त मोकळा भूखंडही रीतसर परवानगीने पुरेल. महिन्यातून एक रविवार, भाड्याने मिळणारी चार जुनी गाडी आणि सूट, एक जाणता शिक्षक, एक रुग्णवाहिका.

कार्ल्सबाडचा तो ट्रॅक २००४ मध्ये बंद झाला. तिथे आता कंपन्यांच्या इमारती आहेत. जागा अशा हातातून जातात, आणि एकदा गेल्या की परत मिळत नाहीत. आपल्याकडे तर ती अजून मिळवायची आहे. चाकणच्या कारखान्यांतून गाड्या रोज बाहेर पडताहेत आणि त्यांवर बसणारी पोरंही दरवर्षी आमच्या शाळांतून बाहेर पडताहेत. गाडी विकणाऱ्यांनी, नगरपालिकांनी आणि आम्ही मास्तरांनी एकत्र बसून पहिला रविवार ठरवायला हवा. माझ्याकडून मी मुलांना झेंड्यांचे रंग शिकवायला सुरुवात केली आहे.