माउंट लॉरेल सिद्धांत: ‘आमच्या भागात स्वस्त घरं नकोत’ हा वाद न्यू जर्सीत कोर्टापर्यंत कसा गेला?

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात एखाद्या उपनगरात कमी उत्पन्न गटासाठी घरं बांधायचा प्रस्ताव आला, की तिथल्या फेसबुक ग्रुपवर ठरलेले मुद्दे फिरू लागतात. शाळेत गर्दी होईल, रस्ते तुंबतील, टॅक्स वाढेल, घराची किंमत पडेल. गुन्हेगारी वाढेल, हा मुद्दा सहसा जरा आडवळणाने लिहिला जातो. एडिसन, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना अशा पोस्ट नवीन नाहीत.

या चर्चेत एक नाव हमखास येतं, ते म्हणजे माउंट लॉरेल. हे फिलाडेल्फियाजवळच्या एका टाउनशिपचं नाव आहे. (आपल्याकडे टाउनशिप म्हणजे बिल्डरचा मोठा प्रकल्प. न्यू जर्सीत टाउनशिप म्हणजे स्वतःचा कारभार, स्वतःचे कर आणि स्वतःचे बांधकाम नियम असलेली स्थानिक संस्था.) १९७५ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने या टाउनशिपविरुद्ध निकाल दिला. त्यातून जो नियम आला, तो ‘माउंट लॉरेल सिद्धांत’. त्याचा अर्थ असा, की वाढत्या नगराला जमिनीचे नियम वापरून गरिबांना बाहेर ठेवता येणार नाही. आसपासच्या प्रदेशाला जेवढ्या परवडणाऱ्या घरांची गरज आहे, त्यातला आपला वाटा प्रत्येक नगराने उचलायला हवा.

गरिबांना बाहेर ठेवायला ‘गरीब नकोत’ असं लिहावं लागत नाही

माउंट लॉरेलच्या कोणत्याही नियमात गरिबांचा किंवा कृष्णवर्णीयांचा उल्लेख नव्हता. सगळं काम झोनिंगने, म्हणजे कोणत्या जमिनीवर काय बांधता येईल हे ठरवणाऱ्या नियमांनी केलं होतं.

टाउनशिपचं क्षेत्रफळ सुमारे १४ हजार एकर. १९५० मध्ये लोकसंख्या २,८१७ होती, ती १९७० मध्ये ११,२२१ झाली. शेतं जाऊन बंगले येत होते. पण राहण्यासाठी राखलेल्या जमिनीवर स्वतंत्र एककुटुंबी घरच बांधता येई. सर्वात मोठ्या निवासी विभागात प्लॉट किमान २० हजार चौरस फूट हवा, असा नियम होता. म्हणजे आपल्या हिशेबाने १८ गुंठ्यांहून जास्त! त्यावरचं घरही किमान १,१०० चौरस फुटांचं असावं लागे. दुसरीकडे तब्बल ४ हजारांहून अधिक एकर जमीन उद्योगांसाठी राखून ठेवली होती. खटला चालला तेव्हा त्यातल्या १०० एकरांवरही उद्योग आलेले नव्हते. बाकी जमीन पडून होती, पण तिथे घर बांधायला मनाई होती.

काही मोठ्या प्रकल्पांत अपार्टमेंटना परवानगी मिळाली, तीही अटींसह. एकापेक्षा जास्त बेडरूमची घरं मोजकीच बांधायची. शाळेत जाणारी मुलं ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त निघाली, तर त्यांच्या शिक्षणाचा खर्च बिल्डरने भरायचा. हे प्रमाण होतं दर घरामागे ०.३ मूल.

ही अट विचित्र वाटते, पण तिच्यामागे हिशेब आहे. न्यू जर्सीत सरकारी शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून निघतो. मोठ्या बंगल्याचा कर जास्त. लहान घराचा कर कमी, पण त्या घरातल्या मुलाच्या शाळेवर खर्च तेवढाच. त्यामुळे कारखाने आणि ऑफिसं यावीत, मोठे बंगले यावेत आणि मुलं शेजारच्या गावात जावीत, हे प्रत्येक नगराच्या सोयीचं होतं. करदात्याच्या बाजूने पाहिलं तर यात वेडेपणा काही नाही. अडचण एवढीच, की राज्यात अशी साडेपाचशेहून अधिक नगरं आहेत. सगळ्यांनीच हा शहाणपणा दाखवला, तर कमी पगाराच्या माणसाला घर मिळायला जागाच उरत नाही.

एथेल लॉरेन्स आणि ३६ घरं

हा खटला बाहेरून येऊ पाहणाऱ्यांनी सुरू केला, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो आधीपासून तिथेच राहणाऱ्यांनी सुरू केला.

माउंट लॉरेलमध्ये काही कृष्णवर्णीय कुटुंबं अनेक पिढ्यांपासून राहत होती. त्यांतली बरीच स्प्रिंगव्हिल नावाच्या वस्तीत होती. तिथली काही घरं तर मुळात कोंबड्यांची खुराडी होती, डागडुजी करून राहण्याजोगी केलेली. टाउनशिप वाढू लागली तशी अशी मोडकळीला आलेली घरं राहण्यास अयोग्य ठरवून रिकामी केली जाऊ लागली. पर्यायी घर गावात मिळेना. लोक जवळच्या कॅम्डेन शहरातल्या गरीब वस्त्यांत जाऊ लागले.

एथेल लॉरेन्स याच समाजातल्या. त्यांच्या कुटुंबाची गावातली ती सहावी पिढी. त्यांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून ३६ अपार्टमेंटचा एक छोटा प्रकल्प आखला. प्राथमिक कामासाठी राज्य सरकारकडून मदतही मिळवली. त्या जमिनीचं झोनिंग बदलून मिळालं की पुढचं काम सुरू होणार होतं. टाउनशिपने नकार दिला.

१९७० मध्ये जेकब्स चॅपल या छोट्या चर्चमध्ये महापौर बिल हेन्स लोकांसमोर आले. ज्यांना या गावात राहणं परवडत नाही, त्यांनी गाव सोडून जावं, अशा आशयाचं ते बोलले. समोर बसलेल्यांपैकी काहींची घराणी महापौरांच्या बहुतेक मतदारांच्या कितीतरी आधी गावात आली होती. पुढच्या वर्षी एथेल लॉरेन्स आणि नागरी हक्कांसाठी काम करणारी एनएएसीपी ही संघटना कोर्टात गेली.

दोन निकाल

मार्च १९७५ मध्ये न्यायमूर्ती फ्रेडरिक हॉल यांनी लिहिलेला निकाल आला. झोनिंगचा अधिकार नगराला राज्याकडून मिळतो, म्हणून तो सर्वांच्या हितासाठीच वापरला पाहिजे, फक्त आतल्या रहिवाशांच्या हितासाठी नाही, असं त्याचं सार. निकाल राज्याच्या राज्यघटनेवर आधारलेला होता. त्यामुळे वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात त्याला धक्का लागला नाही.

निकाल ऐतिहासिक होता, घरं मात्र उभी राहिली नाहीत. माउंट लॉरेलने निकालानुसार ‘दुरुस्ती’ केली ती अशी: तीन ठिकाणची मिळून सुमारे २० एकर जमीन नव्या झोनिंगमध्ये टाकली. १४ हजार एकरांतली २० एकर. इतर नगरांनीही वेळ काढला.

म्हणून १९८३ मध्ये सरन्यायाधीश रॉबर्ट विलेन्ट्झ यांच्या न्यायालयाने दुसरा निकाल दिला. या वेळी तो दात असलेला होता. नगराने आपला वाटा उचलला नाही, तर बिल्डर कोर्टात जाऊन झोनिंग नियमांपेक्षा दाट बांधकामाची परवानगी मिळवू शकतो, अट एकच, की त्यातली काही घरं परवडणारी हवीत. याला ‘बिल्डर्स रेमेडी’ म्हणतात. हा वाटा साधारण पाचात एक असा धरला जातो, म्हणजे चार घरं बाजारभावाने आणि एक स्वस्त.

आजच्या भांडणातली मोठी गफलत इथे आहे. ५०० घरांचा प्रकल्प येतो तेव्हा पोस्टमध्ये त्याला ‘अफोर्डेबल हाउसिंग’ म्हटलं जातं. पण त्यातली ४०० घरं बाजारभावाची असू शकतात. ट्रॅफिक आणि शाळेतली गर्दी वाढलीच, तर तिचा बराचसा भाग या घरांमुळे असतो. तक्रार रास्त असली, तरी बोट चुकीच्या शेजाऱ्याकडे दाखवलं जातं.

पैसे भरा आणि सुटा

दुसऱ्या निकालानंतर उपनगरांत संताप उसळला. तेव्हाचे गव्हर्नर टॉम कीन यांनीही निकालावर उघड टीका केली. १९८५ मध्ये विधिमंडळाने ‘फेअर हाउसिंग’ कायदा केला आणि प्रत्येक नगराचा वाटा ठरवण्यासाठी एक परिषद नेमली.

त्या कायद्यात एक पळवाट होती. आपल्या वाट्याच्या निम्म्यापर्यंत घरं दुसऱ्या नगराला पैसे देऊन त्याच्याकडे सोपवता येत. मग श्रीमंत उपनगरांनी गरीब शहरांना पैसे दिले आणि घरं तिकडेच झाली. शहरांना निधी हवा होता, उपनगरांना सुटका. गरीब कुटुंबाला चांगल्या शाळेजवळ राहता यावं हा जो मूळ हेतू होता, तो या सौद्यात बाजूला पडला. ही सोय २००८ मध्ये रद्द झाली. सिद्धांताच्या पहिल्या काही वर्षांत झालेल्या घरांचा अभ्यास झाला, तेव्हाही शहरातून उपनगरात आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं फार थोडी निघाली होती.

घरं झाली तेव्हा काय झालं?

खुद्द माउंट लॉरेलमध्ये प्रकल्पाला मंजुरी मिळायला १९९७ उजाडलं. त्याआधीच्या जनसुनावण्यांना लोकांची गर्दी झाली. गुन्हे वाढतील, कर वाढेल, घरांच्या किमती पडतील, हेच मुद्दे तेव्हाही होते. एथेल लॉरेन्स ही मंजुरी पाहू शकल्या नाहीत. त्या १९९४ मध्येच वारल्या होत्या. प्रकल्पाला त्यांचं नाव दिलं गेलं. २००० च्या अखेरीस पहिली कुटुंबं राहायला आली आणि पुढे घरांची संख्या १४० झाली. हा ना-नफा संस्थेचा प्रकल्प होता, त्यामुळे बाजारभावाची घरं त्यात नव्हती. घरं टाउनहाउस पद्धतीची, आजूबाजूच्या वस्तीत मिसळून जाणारी.

प्रिन्स्टन विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी या वसाहतीचा अभ्यास करून २०१३ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. घरं आल्यानंतर किमती वाढल्या की पडल्या, एवढंच पाहून भागत नाही, कारण किमती देशभर वरखाली होत असतात. म्हणून त्यांनी माउंट लॉरेलची तुलना आसपासच्या तशाच नगरांशी केली, जिथे असा प्रकल्प आला नव्हता. गुन्हे, मालमत्ता कर आणि घरांच्या किमती या तिन्हींत प्रकल्पामुळे पडलेला फरक सापडला नाही. शेजारच्या वस्त्यांतल्या लोकांना विचारलं, तेव्हा आपल्या जवळ अशी वसाहत आहे हेच बऱ्याच जणांना माहीत नव्हतं.

दुसरी तुलना रहिवाशांची. ज्यांना घर मिळालं आणि ज्यांनी अर्ज केला होता पण अजून मिळालं नव्हतं, अशा दोन गटांची. घर मिळालेल्यांची कमाई आणि रोजगार जास्त होता, आजूबाजूच्या हिंसाचाराचा त्रास बराच कमी होता. मुलं अधिक कठीण शाळांत जाऊनही त्यांचे गुण घसरले नव्हते.

एका वसाहतीवरून सगळ्याच प्रकल्पांबद्दल खात्री देता येत नाही, हे खरं. इथे भाडेकरूंची निवड आणि देखभाल काटेकोर होती. वाईट देखभालीचा प्रकल्प शेजाऱ्यांना त्रास देऊ शकतो. म्हणूनच सुनावणीत ‘कोण राहायला येणार’ यापेक्षा ‘देखभाल कोण करणार’ हा प्रश्न विचारण्यात जास्त अर्थ आहे.

सध्या काय चालू आहे?

वाटे ठरवणारी ती परिषद काळाच्या ओघात ठप्प झाली. २०१५ मध्ये न्यायालयाने हे काम पुन्हा कोर्टांकडे घेतलं. २०१८ मध्ये मर्सर काउंटीतल्या न्यायाधीशांनी वेस्ट विंडसरचा वाटा १,५०० आणि प्रिन्स्टनचा ७५३ घरांचा ठरवला. वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबरो यांच्या शाळा एकत्र आहेत. त्या शाळांसाठी तिथे घर घेणारी भारतीय कुटुंबं बरीच आहेत, त्यामुळे हा आकडा आपल्या लोकांच्या जेवणाच्या टेबलापर्यंत पोहोचला.

मार्च २०२४ मध्ये गव्हर्नर फिल मर्फी यांनी नव्या कायद्यावर सही केली. जुनी परिषद रद्द झाली आणि २०२५ ते २०३५ या दशकासाठी प्रत्येक नगराचे आकडे राज्याच्या खात्याने काढले. नगरांना जानेवारी २०२५ पर्यंत आकडा मान्य करायचा आणि जूनपर्यंत जागांसह आराखडा द्यायचा, अशी मुदत होती. माँटव्हेल आणि इतर काही नगरं याविरुद्ध कोर्टात गेली. पण मुदती टळल्या नाहीत.

या घरांसाठी कोण पात्र ठरतं, यावरही ग्रुपवर बरंच काही लिहिलं जातं. मोजमाप असं: त्या प्रदेशातल्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत कमावणारं कुटुंब ‘मध्यम’ गटात, ५० टक्क्यांपर्यंतचं ‘कमी’ गटात आणि ३० टक्क्यांपर्यंतचं ‘अत्यल्प’ गटात. न्यू जर्सीतले पगार पाहता यात शाळेतले मदतनीस, दुकानातले कर्मचारी, रुग्णालयातले सहायक सहज बसतात. म्हणजे त्याच गावात रोज कामाला येणारी आणि संध्याकाळी दूरच्या घरी परतणारी माणसं.

महाराष्ट्रात असा नियम आहे का?

आहे, आणि तो बऱ्याच जणांच्या नकळत वापरात आहे. १० लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत ४ हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प करताना २० टक्के घरं अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात. ही तरतूद २०१३ पासून आहे. म्हाडाच्या कोकण आणि पुणे मंडळांच्या सोडतीत ‘२० टक्के योजना’ म्हणून जी घरं दिसतात, ती हीच. प्रमाण योगायोगाने न्यू जर्सीच्या ‘पाचात एक’ इतकंच आहे. फरक असा, की इथे जबाबदारी बिल्डरवर येते, नगरावर नाही. मोठा भूखंड आला तरच घरं येतात, आणि शहराने एकूण किती घरं द्यायची याचा आकडा कुणी ठरवत नाही.