काट्याचा संथपणा

भायखळ्याच्या राणीबागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांस खुले झाले. त्याच्या जीर्णोद्धारास २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार लाभला. जीर्णोद्धार म्हटला की आपणांस अशीच उजळलेली नक्षी आठवते. ध्वनिमुद्रणयंत्रावरील जुन्या काट्याच्या मापकाची दुरुस्ती मात्र रूप परत आणून पुरी होत नाही.

बेल प्रयोगशाळा, एनबीसी व सीबीएस यांनी मिळून सिद्ध केलेला ‘व्हीयू मीटर’ १९३९ मध्ये प्रमाण ठरला. स्थिर स्वर दिल्यावर काट्याने अंतिम स्थानाच्या ९९ टक्क्यांपर्यंत सुमारे ३०० मिलिसेकंदांत पोहोचावे, असा दंडक होता. हा संथपणा हेतुपुरस्सर होता: कानास जाणवणारा आवाजाचा भर दिसावा, क्षणिक उसळी नव्हे. म्हणूनच ढोलकीची थाप काटा पुरता उठण्याआधी विरते. गायिकेचा लांबवलेला स्वर तो पुरेपूर दाखवतो.

चुंबकाच्या फटीतला लोखंडाचा कीस काढला की अडलेला काटा मोकळा होतो. परंतु केसासारखी बारीक स्प्रिंग बदलताना ती निराळ्या ताणाची बसवली, तर काटा डौलाने हलतो आणि मोजमाप खोटे ठरते. जुन्या फितींच्या नव्या प्रती त्याच काट्याच्या भरवशावर केल्या, तर ही चूक प्रत्येक प्रतीत उतरते.

पाठचिकित्सा करणाऱ्यांस हा धोका परिचित आहे. लेखनिकाने सुबोध केलेली ओळ सहज वाचली जाते, म्हणूनच तिच्याविषयी संशय येत नाही. दुरुस्त मापकही ज्ञात पातळीचा स्वर देऊन तपासल्याखेरीज प्रमाण मानू नये, असे आम्हांस वाटते.