एका संचालकाचा प्रश्न : ब्रुकलिन, १९६३

१/ जुलै १९६३. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागातले ज्युइश क्रॉनिक डिसीज हॉस्पिटल. दीर्घ आजाराने जर्जर झालेल्या २२ रुग्णांच्या त्वचेखाली जिवंत कर्करोगपेशी टोचण्यात आल्या. सुईत काय आहे, हे त्यांना सांगितले गेले नाही.

२/ प्रयोग स्लोन-केटरिंग संस्थेचे डॉ. चेस्टर साउथम यांचा. निरोगी शरीर अशा परक्या पेशी लवकर नाकारते, कर्करोगाने ग्रासलेले शरीर उशिरा. मग अन्य आजारांनी क्षीण झालेले शरीर काय करील, हे त्यांना पाहायचे होते. रुग्णालयाचे डॉ. इमॅन्युएल मँडेल यांनी त्याला संमती दिली.

३/ 'कर्करोग' हा शब्द ऐकून रुग्ण विनाकारण घाबरतील, असे साउथम यांचे समर्थन होते. तीन तरुण डॉक्टरांना ते पटले नाही. त्यांनी सहभाग नाकारला आणि पुढे राजीनामे दिले.

४/ संचालक मंडळाने मात्र प्रयोगाची पाठराखण केली. अपवाद विल्यम हायमन या वकील संचालकाचा. त्यांनी रुग्णांच्या नोंदी पाहण्यास मागितल्या. रुग्णालयाने गोपनीयतेचे कारण पुढे केले. ज्यांच्यापासून सत्य लपवले, त्यांच्याच नावाने आता कागदपत्रे झाकली जात होती.

५/ हायमन न्यायालयात गेले. आधी जिंकले, मग अपिलात हरले. अखेर १९६५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. संचालकाला नोंदी पाहण्याचा अधिकार आहे; रुग्णांची नावे गुप्त ठेवण्याचा आदेश देता येतो, असे न्यायालयाने म्हटले.

६/ या निकालाचे मर्म येथे आहे. रुग्णालयात जे घडते त्याचे कायदेशीर उत्तरदायित्व संस्थेवर येते. म्हणून संचालकाचे काम जमाखर्च आणि इमारतींपाशी संपत नाही. 'ते डॉक्टरांचे क्षेत्र आहे' असे म्हणून त्याला अंग काढून घेता येत नाही.

७/ राज्याच्या परवाना मंडळाने साउथम आणि मँडेल या दोघांना दोषी ठरवले. एक वर्षाचे निलंबन जाहीर झाले, पण ते अमलात आले नाही. दोघांना केवळ देखरेखीखाली ठेवण्यात आले. काही वर्षांतच साउथम अमेरिकेतील कर्करोग-संशोधकांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले.

८/ तरीही प्रश्न मिटला नाही. १९६६ मध्ये हेन्री बीचर यांनी अनैतिक प्रयोगांवरील आपल्या गाजलेल्या लेखात याचाही समावेश केला. त्याच वर्षी अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेने अनुदानित संशोधनासाठी संस्थेतील समितीची पूर्वतपासणी सक्तीची केली.

९/ आज भारतातही औषधचाचणीपूर्वी एथिक्स कमिटीची मान्यता लागते. त्या समितीत डॉक्टरांबरोबर एक कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य व्यक्ती असावी लागते. वैद्यक न शिकलेल्या माणसाची तिथे गरज काय, याचे उत्तर हायमन यांच्या खटल्यात सापडते.