रिकाम्या डोक्याची गोष्ट

३४ वर्षे मी शाळेत गणित शिकवले. एवढ्या काळात प्रगतिपुस्तकांवर जो शेरा मी सर्वांत अधिक वेळा लिहिला तो दोनच शब्दांचा: ‘लक्ष नाही.’ खिडकीबाहेर टक लावून बसलेला पोरगा दिसला, की माझा हात खडूकडे जाई. आणि नेम सहसा चुकत नसे. त्या घटकेला पोराचे डोके अगदी रिकामे आहे, याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. निवृत्तीनंतर मेंदूविषयी वाचू लागलो आणि ही समजूत पार ढासळली.

या गोष्टीचा आरंभ जर्मनीतील येना गावी होतो. तेथे हान्स बर्गर नावाचे मनोविकारांचे डॉक्टर होते. मोठे अबोल गृहस्थ. तरुणपणी सैन्यात असता ते घोड्यावरून पडले आणि तोफगाड्याखाली चिरडता चिरडता वाचले. नेमक्या त्याच दिवशी दूर घरी बहिणीच्या मनात अशुभाची पाल चुकचुकली आणि वडिलांची तार आली! मनाचे हे बळ येते कोठून, हा ध्यास त्यांना तेव्हापासून लागला. मनाची तार मनाला पोहोचते, हे काही त्यांना सिद्ध करता आले नाही. पण शोधता शोधता १९२४ साली त्यांनी माणसाच्या मेंदूतील विजेच्या लहरींचा आलेख काढला. गंमत अशी, की डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या माणसाच्या मेंदूतही या लहरी संथपणे चालूच होत्या. १९२९ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले, तेव्हा फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनी पडताळा घेतला, तेव्हा कोठे लोकांना ते पटले.

पुढला प्रयोग माझ्या मर्मावर बोट ठेवणारा. १९५५ साली अमेरिकेत सोकोलॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना तोंडी हिशेब घातले आणि मेंदू किती प्राणवायू खर्च करतो ते मोजले. स्वस्थ पडले असता जेवढा, हिशेब करतानाही एकंदर तेवढाच! गणिताच्या मास्तरला याहून झोंबणारी बातमी कोणती? आपला मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण शक्तीचा २० टक्के वाटा एकटा खातो. आणि आपण कामाला जुंपले म्हणून त्याचा खर्च जेमतेम वाढतो.

मग हा खर्च होतो कशावर? १९९५ साली भरत बिस्वाल यांना दिसले, की माणूस निश्चल पडला असतानाही डाव्या-उजव्या हातांची हालचाल सांभाळणारे मेंदूचे भाग एका तालात चढउतार करतात. सेंट लुईसच्या मार्कस रेकल यांना तर उलटाच प्रकार आढळला. काम सुरू झाले, की कपाळामागचा आणि मेंदूच्या मागील बाजूचा मधला भाग मंदावतो. काम संपताच पुन्हा जागा होतो. २००१ साली त्यांनी या स्थितीला ‘डिफॉल्ट मोड’ हे नाव दिले. आपण मूळस्थिती म्हणू. गतगोष्टी आठवणे, उद्याचे बेत करणे, दुसऱ्याच्या मनात काय असेल ते ताडणे, ही कामे या जाळ्याकडे. अवधानाचे जाळे वेगळे. एक पारडे चढले, की दुसरे उतरते, असे २००५ साली दिसून आले.

मात्र तराजूची ही उपमाही पुरी पडत नाही. २००९ साली कॅलिना क्रिस्टॉफ यांनी पाहिले, की मन भटकत असताना मूळस्थितीच्या जाळ्याबरोबर विचारपूर्वक कामाला लागणारे भागही जागे असतात. म्हणजे पोरगा खिडकीबाहेर पाहत होता, तेव्हा आत दुहेरी कामकाज चालू होते! अर्थात भटकंती फुकट नसते, हेही सांगायला हवे. २०१० साली हार्वर्डच्या संशोधकांनी २,२५० माणसांना दिवसातून अवचित गाठून विचारले, तेव्हा सुमारे ४७ टक्के वेळा मन हातच्या कामावर नव्हते. आणि मन भटकलेले असताना माणसे काहीशी कमी सुखी होती. शिवाय माझे त्रैराशिक बुडाले ते बुडालेच.

गेल्या पाडव्याला एक जुना विद्यार्थी नमस्काराला आला. आता त्याचेच केस पिकले आहेत. फराळाचे ताट पुढे ठेवून मी विचारले, “काय रे, त्या खिडकीतून पाहत कसला विचार करायचास?”

चकली मोडता मोडता तो हसला. “विचार काही आठवत नाही, सर. खडू मात्र चांगला आठवतो.”